शह, चेक आणि चौकड्यांचं टेबल

सांगलीच्या एखाद्या कट्ट्यावर आजोबा वजीर पुढे सारतात आणि म्हणतात, ‘शह!’ लंडनच्या क्लबातला साहेब तीच चाल करतो आणि म्हणतो, ‘चेक!’ दोघांच्या तोंडी शब्द एकच आहे. फारसी ‘शाह’, म्हणजे राजा. ‘राजा सांभाळ’ हे सांगायला इराणी खेळाडू नुसतं ‘शाह’ म्हणत. तो शब्द अरबांनी उचलला, मध्ययुगीन लॅटिनमध्ये त्याचा ‘स्काकुस’ झाला, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’ आणि इंग्लंडात पोहोचेपर्यंत ‘चेक’. या एशेकचं अनेकवचन म्हणजे ‘चेस’. थोडक्यात, साहेब बुद्धिबळाला ‘राजे’ म्हणतो. ‘चेकमेट’मधला ‘मेट’ म्हणजे आपलीच ‘मात’.

खेळाचा प्रवास बहुतेकांना ठाऊक असतो, म्हणून तो पटकन उरकतो. भारतातलं चतुरंग, ज्याचा उल्लेख सातव्या शतकात बाणभट्टाच्या हर्षचरितात येतो, इराणात ‘चतरंग’ झालं, अरबांकडे ‘शतरंज’ झालं आणि स्पेन-इटलीच्या वाटेनं सुमारे हजार वर्षांपूर्वी युरोपात शिरलं. झालं. माझी उमेदीची वर्षं बँकेच्या क्लिअरिंग विभागात चेकांच्या गठ्ठ्यांत गेली, त्यामुळे मला ओढ आहे ती पुढच्या भागाची. पटावरची एक आरोळी खजिन्यात कशी शिरली, ही ती गोष्ट.

शब्दाच्या अर्थाची वाट तशी सरळ आहे. राजाला शह म्हणजे राजाची अडवणूक. मग कुणाचीही अडवणूक, घोड्याला लगाम घालणंही. मग अडवून तपासणं. तिकीट चेक करणं, चेकपोस्ट, दवाखान्यातलं चेकअप हे सगळं तिथूनच निघालं. अमेरिकेत तर हॉटेलचं बिलही चेक आणि बरोबरची खूणही चेक. मराठीतला शह मात्र पहिल्याच मुक्कामावर थांबला. आपण राजकारणात शह-काटशह करतो, पण कुणी भाजीचा हिशेब ‘शह’ करत नाही. मराठी शब्द लढवय्या राहिला, इंग्रजी शब्द कारकून झाला. त्या कारकुनीचं सगळ्यात देखणं दुकान थाटलं गेलं ते बाराव्या शतकातल्या इंग्लंडात.

ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला ‘चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर’ म्हणतात. त्यातला ‘एक्सचेकर’ म्हणजे मुळात बुद्धिबळाचा पट. राजा पहिल्या हेन्रीच्या काळात, १११० च्या सुमारास, हा शब्द सरकारी कागदांत दिसू लागतो. पुढे दुसऱ्या हेन्रीचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील यानं ११७० च्या दशकात एक्सचेकर या राजाच्या हिशेबखात्यावर लॅटिनमध्ये एक संवाद लिहिला. गुरू-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांतून सरकारी कचेरीचं इतकं बारीक वर्णन करणारा दुसरा इतका जुना ग्रंथ माझ्या वाचनात नाही. सरकारी नियमपुस्तिका मी जन्मभर वाचल्या, पण मजेत वाचलेली ही एकटीच.

ज्या चौकड्यांच्या टेबलामुळे खात्याला पटाचं नाव मिळालं, त्या टेबलापासून फिट्झनील सुरुवात करतो. लांबी दहा फूट, रुंदी पाच फूट, आणि नाणी खाली घरंगळू नयेत म्हणून चारही बाजूंनी चार बोटं उंच कठडा. त्यावर दर ईस्टरला विकत आणलेलं काळं कापड, वीतभर किंवा फूटभर अंतरानं रेघा ओढलेलं. उजवीकडून पहिला रकाना पेनींचा, मग शिलिंग, मग पौंड, मग वीस-वीस पौंडांचा, मग शेकडे, मग हजार. टेबलाच्या एका बाजूला खजिनदार आणि राजाची माणसं, समोर जिल्ह्याचा शेरीफ. शेरीफनं किती भरायचे ते गोट्या मांडून दाखवायचं, त्याखाली त्यानं किती भरले ते मांडायचं आणि वरच्यातून खालचं वजा करत जायचं. आपल्याकडे जमाबंदीच्या वेळी पाटील-कुलकर्णी दप्तर घेऊन कचेरीत हजर होत, तसाच हा प्रकार. फक्त इथला हिशेब उघड्या टेबलावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होई. बुद्धिबळात राजे लढतात तशी इथली लढत खजिनदार आणि शेरीफ यांच्यात होते, असं स्वतः फिट्झनीलच सांगतो.

एवढा खटाटोप का? कारण लिहायला होते रोमन आकडे. एमसीएक्सव्हीआयआयमधून डीसीसीएक्सएलआयएक्स कागदावर वजा करून बघा, म्हणजे कळेल! रोमन आकड्यांत शून्य नाही. कापडावर मात्र रकाना रिकामा ठेवला की शून्याचं काम होतं, आणि ज्याला अक्षर येत नाही अशा शेरीफलाही आपण किती अडकलो ते दिसतं. गंमत बघा. भारतातून निघालेला खेळ लंडनच्या खजिन्याला नाव देऊन गेला, आणि भारतातूनच निघालेले शून्यासकटचे आकडे शिरायला त्या खजिन्यात पुढची काही शतकं लागली. खेळ आधी पोचतो, गणित मागाहून, हे शाळेत मुलं सांभाळणाऱ्या कुणालाही पटेल.

हिशेब लिहायचा तो मेंढीच्या कातड्याच्या गुंडाळीवर. खाडाखोड केली तर तिथे लगेच दिसते, हे कारण फिट्झनीलच देतो. या गुंडाळ्यांपैकी आज शिल्लक असलेली सगळ्यात जुनी ११३० ची आहे.

आणि पावती? ती लाकडाची. हेझल झाडाच्या काठीवर खाचा पाडत. हजार पौंडांना तळहाताच्या जाडीएवढी खाच, शंभराला अंगठ्याएवढी, विसाला करंगळीएवढी, एका पौंडाला सातूच्या भरलेल्या दाण्याएवढी. पेनीला नुसता चरा. मग काठी उभी चिरायची. एक अर्ध पैसे भरणाऱ्याकडे, दुसरं खजिन्यात. हिशेबाच्या दिवशी दोन्ही जोडायची. खाचा जुळल्या नाहीत तर कुणीतरी लबाडी केली आहे. लाकडाचे रेषे बनावट करता येत नाहीत, त्यामुळे आमच्या काळातल्या सहीच्या नमुना-कार्डापेक्षा ही युक्ती मला जास्त भरवशाची वाटते. मुलीकडे लंडनला गेलो होतो तेव्हा बँक ऑफ इंग्लंडच्या संग्रहालयात काचेआड अशा काठ्या बघायला मिळाल्या. कडेला शाईनं बारीक लॅटिन अक्षरं होती. जावई सोन्याच्या विटेपाशी रांगेत होता आणि मी काठ्यांपाशी. दोघांनाही एकमेकांची कीव आली असावी.

या काठ्या सहाशेहून अधिक वर्षं चालल्या. १७८२ मध्ये त्या बंद करायचा कायदा झाला, पण पदावर असलेल्यांच्या पोटावर पाय नको म्हणून अंमल लांबला तो थेट १८२६ पर्यंत. मग प्रश्न आला, साठलेल्या काठ्यांचं करायचं काय? १६ ऑक्टोबर १८३४ रोजी संसदेतल्या लॉर्ड्सच्या सभागृहाखालच्या भट्ट्यांत दोन गाड्या काठ्या घालायचा हुकूम सुटला. दोन मजूर दिवसभर त्या कोंबत राहिले. दुपारी सभागृह बघायला आलेल्यांना जमिनीची धग बुटातून जाणवली, तरी कुणी मनावर घेतलं नाही. संध्याकाळी आग भडकली आणि वेस्टमिन्स्टरचा जुना राजवाडा, दोन्ही सभागृहांसकट, जळून गेला. नशिबानं वेस्टमिन्स्टर हॉल वाचला. चित्रकार टर्नरनं ती आग रंगवली. डिकन्सनं १८५५ च्या एका भाषणात सरकारची रेवडी उडवली: काठ्या आसपासच्या गरिबांना सरपणाला दिल्या असत्या तरी चाललं असतं, पण तेवढं सुचेल तर ते खातं कसलं! आज आपण फोटोंत बघतो ते बिग बेनवालं संसदभवन त्या आगीनंतरचं.

आता बँकेतला चेक. पैसे देण्याचा लेखी हुकूम शब्दापेक्षा जुना आहे. १६ फेब्रुवारी १६५९ ही तारीख असलेला, क्लेटन अँड मॉरिस या सराफी पेढीवर काढलेला चारशे पौंडांचा एक कागद इंग्लंडातल्या सगळ्यात जुन्या शिल्लक चेकांपैकी मानला जातो, पण तेव्हा त्याला चेक म्हणत नसत. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ‘चेक’ म्हणजे होती स्थळप्रत. मूळ कागदात कुणी फेरफार केला तर तो पकडणारी, म्हणजे लबाडीला शह देणारी. हळूहळू स्थळप्रतीचं नाव कागदालाच चिकटलं, आणि एक्सचेकरच्या रुबाबामुळे इंग्रजांनी स्पेलिंगही लांबवलं. अमेरिकनांनी आखूडच ठेवलं. आपण ‘धनादेश’ हा भारदस्त शब्द घडवला, पण काउंटरवर येणारा प्रत्येक जण विचारतो तो ‘माझा चेक वटला का?’ असंच. हे ‘वटणं’ हुंडीच्या व्यवहारातून आलेलं, आणि मला ते फार आवडतं.

अरबी ‘सक्क’ या शब्दापासून चेक आला असंही ठासून सांगणारे भेटतात. सक्क म्हणजे लेखी दस्त. दहाव्या शतकातला प्रवासी इब्न हौकल सहाराच्या दक्षिण टोकाला ४२ हजार दिनारांचा असा दस्त पाहिल्याचं लिहितो. दस्त खरा, किस्सा झकास, पण शब्दकोशकार चेकचं मूळ पटावरच दाखवतात आणि मीही त्यांच्याच पंगतीला बसतो.

चौकड्यांच्या शर्टाचं ‘चेक्स’ अर्थातच पटावरच्या घरांमुळे. या बाबतीत पोर्तुगीज सगळ्यांवर कडी करतात. त्यांच्याकडे बुद्धिबळाला ‘शाद्रेज’ म्हणतात, जे आपल्या चतुरंगापासूनच आलं. चौकड्यांचं कापडही शाद्रेज, आणि बोलीत तुरुंगही शाद्रेज. फ्रेंचांकडे ‘एशेक’ म्हणजे अपयश.

जाता जाता एक घर. ब्रिटिश पंतप्रधान सुट्टीला बकिंगहॅमशायरमधल्या ‘चेकर्स’ नावाच्या वाड्यात जातात. सर आर्थर ली यांनी तो देशाला दिला आणि १९२१ पासून पंतप्रधान तो वापरू लागले. नावाबद्दल वाद आहे. एक मत असं, की तिथल्या परिसरात ‘चेकर’ नावाची रानटी झाडं होती. दुसरं असं, की बाराव्या शतकातला तिथला मालक एलियास हा एक्सचेकरच्या दारावरचा अधिकारी होता, म्हणून घराला ते नाव. झाडवाल्यांशी माझं भांडण नाही, पण त्या काळ्या कापडाच्या दारावर उभ्या असलेल्या एलियासला सोडून झाडाच्या मागे लागायला मी तयार नाही.