नायगावच्या माळाची पन्नाशी

पुरंदर तालुक्यातील नायगावच्या पाणी पंचायतीला २०२४ साली पन्नास वर्षे झाली. (सावित्रीबाईंचे नायगाव खंडाळा तालुक्यातले, ते निराळे.) १९७२ च्या दुष्काळात माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडीत होती. ते पाहून पुण्याचे कारखानदार विलासराव साळुंखे यांनी १९७४ मध्ये देवस्थानचा ४० एकर उघडा माळ कराराने घेतला. उतारावर बांध घातले, पायथ्याला पाझर तलाव केला, त्याखाली विहीर खोदून पाणी पंपाने वर चढविले. यात नवल नाही. शेतीखाते हेच सांगत आले आहे.

नवल आहे ते वाटपात. पाणी एकरांवर नव्हे, घरातल्या माणसांवर: माणशी अर्ध्या एकरापुरते. भूमिहीनालाही हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा शेतकऱ्यांनी भरायचा. उसाला मात्र बंदी, कारण एकरभर उसाचे पाणी कित्येक एकर ज्वारीला पुरते. साळुंखे २००२ साली वारले. "साहेब, वावभर तरी ऊस लावू का?" हा प्रश्न मला शिवारात आजही ऐकावा लागतो.