शेवटचे वीस मीटर

आषाढी एकादशीला पहाटे पंढरपुरात विठ्ठलाची शासकीय महापूजा सुरू होते, तेव्हा मंगळवेढ्यातली कितीतरी घरं सह्याद्री वाहिनीवर ती पाहत बसलेली असतात. पंढरपूर ते मंगळवेढा हे अंतर सुमारे २५ किलोमीटर. चित्र मात्र या रस्त्यानं येत नाही. मंदिराजवळच्या ओबी व्हॅनमधून ते प्रसारण केंद्रात पोचतं, तिथून सुमारे ३६ हजार किलोमीटर वर उपग्रहाकडे जातं, तेवढंच खाली उतरतं आणि मंगळवेढ्यातल्या छपरावरच्या छत्रीत पडतं. घरातलं चित्र बिघडतं तेव्हा दोष आकाशात क्वचितच असतो. तो बहुधा छत्रीपासून टीव्हीपर्यंतच्या शेवटच्या वीस मीटरमध्ये सापडतो, आणि त्यातही केबलच्या दोन टोकांना बसवलेल्या इंचभर लांबीच्या कनेक्टरमध्ये.

कोएक्सियल केबल म्हणजे एकाच अक्षावर बसवलेले दोन वाहक. मधोमध एक तार, तिच्याभोवती पांढरा फोम, त्यावर ॲल्युमिनियमची पातळ पन्नी, पन्नीवर बारीक तारांची जाळी आणि सगळ्यांवर पीव्हीसीचं आवरण. डीटीएचला लागते ती आरजी-६. तिची मधली तार साधारण एक मिलिमीटर जाडीची, फोमसकट साडेचार आणि बाहेरून सात मिलिमीटरच्या आसपास. सिग्नल तारेतून वाहतो असं आपण म्हणतो, पण लहर धावते ती तार आणि जाळी यांच्यामधल्या फोमच्या जागेतून. तार आणि जाळी तिला वाट देतात आणि बाहेर सांडू देत नाहीत. फोममध्ये तिचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या ऐंशी टक्क्यांहून थोडा जास्त असतो. म्हणून हा फोम नुसतं वेष्टन नाही, सिग्नलचा रस्ताच तो आहे.

या रचनेचं पेटंट इंग्लंडमध्ये ऑलिव्हर हेवीसाइड यांनी १८८० मध्ये घेतलं. ते तार कंपनीत काम केलेले आणि स्वतःच्या बळावर गणित शिकलेले गृहस्थ होते. त्या काळात तिचा फारसा उपयोग नव्हता, कारण एवढ्या उच्च वारंवारतेचं कुणाकडे काहीच नव्हतं. पुढे अमेरिकेत लॉइड एस्पेनशीड आणि हर्मन ॲफेल यांनी १९२९ मध्ये नव्या रचनेसाठी पेटंटचा अर्ज केला. एकाच केबलवरून शेकडो टेलिफोन संभाषणं किंवा दूरचित्रवाणीचं चित्र नेता येईल, हे त्यांनी ओळखलं होतं. १९३६ मध्ये न्यूयॉर्क ते फिलाडेल्फिया अशी चाचणीची केबल टाकली गेली.

मंगळवेढ्याच्या परिसराशी छत्रीचा संबंध मात्र डीटीएचच्या बराच आधीचा आहे. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षभरात ‘साइट’ हा उपग्रह दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत सामुदायिक टीव्ही संच बसवले गेले. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण तालुक्याला लागून असलेला कर्नाटकातला विजापूर जिल्हा होता. तीन मीटर व्यासाची, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जाळीची छत्री गावात उभी राहायची, ८६० मेगाहर्ट्झवर सिग्नल घ्यायची आणि शाळेच्या किंवा पंचायतीच्या आवारात सगळं गाव कार्यक्रम बघायचं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ लाच सुरू झालं होतं. पण सोलापूर जिल्ह्याच्या या टोकाला ते घराघरांत पोचायला पुढे बरीच वर्षं लागली. नंतर ॲल्युमिनियमच्या दांड्यांचे अँटिना आले आणि त्यांच्याबरोबर तीनशे ओहमची चपटी वायर आली. एक जण छपरावर, एक टीव्हीसमोर आणि एक मधल्या दारात उभा, अशी तिघांची कामगिरी असायची. पडद्यावरच्या मुंग्या कमी झाल्या की अँटिना तिथेच बांधून टाकायचा.

१९९१ मध्ये स्टार आणि २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही आलं, तसं केबलवाल्यांचं युग सुरू झालं. एका ठिकाणी मोठ्या छत्र्या, तिथून खांबांवरून आणि छपरांवरून गेलेली जाड केबल, मध्ये मध्ये ॲम्प्लिफायर आणि घराघरांत उतरलेली पातळ केबल. दाट वस्तीच्या पेठेत हे छान चालतं. मंगळवेढा तालुक्यात मात्र पुष्कळ माणसं गावठाणाबाहेर, ज्वारीच्या रानात वस्त्यांवर राहतात. केबल सिग्नल खाते. ती जितकी लांब तितका सिग्नल कमी, म्हणून पुन्हा ॲम्प्लिफायर, आणि प्रत्येक ॲम्प्लिफायर सिग्नलबरोबर खरखरही मोठी करतो. चार घरांच्या वस्तीसाठी दोन किलोमीटर लाइन ओढणं कुणालाच परवडलं नाही. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची डीडी डायरेक्ट प्लस ही मोफत सेवा सुरू झाली, तीच आजची डीडी फ्री डिश. तिच्यामुळे वस्तीला गावावर अवलंबून राहायची गरज उरली नाही. स्वतःची छत्री, स्वतःची वीस मीटर केबल आणि महिन्याचं बिल नाही. कोरडवाहू शेतीच्या या मुलखात हा बदल मला फार मोलाचा वाटतो.

फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. मंगळवेढ्याहून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण साठ अंशांवर येतो. छत्रीपुढच्या दांडीला जो एलएनबी असतो, तो ११ गिगाहर्ट्झच्या आसपासचा सिग्नल घेऊन ९५० ते २१५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात उतरवतो. कारण ११ गिगाहर्ट्झचा सिग्नल या केबलवर घातला, तर घरात पोचेपर्यंत फारसा शिल्लक राहायचा नाही. वारंवारता खाली आणली तरी नुकसान होतंच. चांगल्या आरजी-६ मध्ये पट्ट्याच्या वरच्या टोकाला तीस मीटरमागे सुमारे दहा डेसिबल जातात. म्हणजे घातलेल्या शक्तीचा दहावा भाग हाती येतो. हा हिशेब गृहीत धरूनच एलएनबी सिग्नल वाढवून देतो. त्या हिशेबात न बसणारं नुकसान करतो तो खराब जोड.

आता तो जोड जवळून बघू. छत्री बसवणारा कारागीर धारदार पात्यानं केबलचं वरचं आवरण गोल कापतो. जाळीच्या तारा एकेक करून मागे परततो. पन्नी फोमला चिकटलेली तशीच राहू देतो आणि टोकाजवळचा पाव इंच फोम पन्नीसकट काढून मधली तार उघडी करतो. इथे पातं जरा खोल गेलं की तारेवर खाच पडते. आज काही होत नाही, पण वाऱ्यानं केबल हलत राहिली की तार वर्षभरानं तिथेच तुटते. मग तो कनेक्टर असा सरकवतो की त्याची नळी पन्नी आणि जाळी यांच्यामध्ये शिरते. फोमचं तोंड कनेक्टरच्या आतल्या कडेशी सपाट आलं पाहिजे आणि तार नटच्या बाहेर दोन-तीन मिलिमीटर राहिली पाहिजे. शेवटी बोटानं चाचपून बघायचं, की जाळीचा एखादा केस मधल्या तारेला टेकलेला नाही ना. कारण सेट टॉप बॉक्स याच केबलवरून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट वीज वर पाठवत असतो. व्होल्टेज बदलून कोणत्या ध्रुवणाचे चॅनेल घ्यायचे ते सांगतो. केसाएवढ्या एका तारेनं तिथे शॉर्ट होतो आणि सगळे चॅनेल एकदम जातात.

या कनेक्टरला एफ कनेक्टर म्हणतात. अमेरिकेतल्या जेरॉल्ड इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत एरिक विन्स्टन यांनी तो १९५० च्या दशकात तयार केला. त्याला स्वतःची पिनच नाही. केबलची मधली तार हीच पिन. त्यामुळे तो स्वस्त झाला आणि जगभर गेला. त्यामुळेच त्याचा दर्जा कारखान्यात पूर्ण ठरत नाही, निम्मा छपरावर ठरतो. फिरवून बसवायचे, पकडीनं दाबायचे आणि कॉम्प्रेशन टूलनं चेपायचे असे त्याचे तीन प्रकार बाजारात मिळतात. पहिला प्रकार कुणीही हातानं बसवू शकतो आणि तितक्याच सहज तो ढिला होतो. शेवटच्या प्रकाराला वेगळं अवजार लागतं, पण पाणी अडवणारा आणि ओढ सहन करणारा तोच. उघड्यावर दुसरा काही लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

केबलवर पंचाहत्तर ओहम लिहिलेलं असतं. ते मल्टिमीटरवर दिसत नाही, कारण तो तारेचा साधा रोध नव्हे. मधल्या तारेची जाडी, जाळीचा व्यास आणि फोमचा गुण यांच्या प्रमाणातून तो आकडा येतो. म्हणून केबल खिळ्याच्या क्लिपनं चेपली किंवा कोपऱ्यावर काटकोनात मोडली, की त्या जागी प्रमाण बिघडतं. पाटाचं पाणी अरुंद मोरीशी येऊन मागे फुगावं, तशी लहर तिथून काही अंशी परतते. पंचाहत्तरच का, तर हवेचं माध्यम असलेल्या केबलमध्ये सर्वांत कमी नुकसान साधारण ७७ ओहमला होतं, आणि टीव्हीला दुर्बळ सिग्नल सांभाळायचा असतो. वायरलेस सेटला सिग्नल पाठवायचाही असतो. जास्तीत जास्त शक्ती वाहून नेण्यासाठी ३० ओहम उत्तम. दोन्हींचा मध्य गाठून रेडिओवाल्यांनी ५० ओहम धरला. पोलीस ठाण्याच्या मनोऱ्यावरून वायरलेस सेटपर्यंत उतरलेली केबल या पन्नासच्या घराण्यातली. दिसायला दोघी सारख्या, पण एकीच्या जागी दुसरी लावू नये.

ग्राहकाची फसगत होते ती मधल्या तारेत. तांब्यासारखी चमकणारी तार पुष्कळदा आतून पोलादी असते, वर तांब्याचा पातळ मुलामा. चुंबक लावला की कळतं. पण ही दरवेळी लबाडी नसते. एक गिगाहर्ट्झला विद्युतप्रवाह तांब्याच्या पृष्ठभागालगतच्या सुमारे दोन मायक्रॉन थरातच राहतो. आत पोलाद आहे की तांबं, याच्याशी त्या सिग्नलला देणंघेणं नसतं. घरच्या छत्रीच्या वीस मीटरला पोलादी गाभ्याची चांगली केबल पुरते, तिथे तांब्यासाठी जादा पैसे घालवू नयेत. कॅमेऱ्याचं तसं नाही. सराफी पेढी असो की आडत दुकान, जुन्या पद्धतीच्या सीसीटीव्हीचं चित्र अगदी कमी वारंवारतेपासून काही मेगाहर्ट्झपर्यंत पसरलेलं असतं, आणि कमी वारंवारतेचा प्रवाह तारेच्या पोटातूनही जातो. पोलादात तो अडतो, लांबचा कॅमेरा फिका आणि थरथरता दिसतो, आणि दोष कॅमेऱ्यावर जातो. कॅमेऱ्याच्या थ्री प्लस वन केबलमध्ये वीज नेणाऱ्या तारा वेगळ्या असतात, त्यासुद्धा तांब्याच्या आहेत की ॲल्युमिनियमवर मुलामा आहे, हे बघून घ्यावं.

जाळीकडे तर कुणी बघतच नाही. स्वस्त केबल सोलली की जाळीच्या जागी मोजके केस निघतात. मोबाइलचे १८०० आणि २१०० मेगाहर्ट्झचे पट्टे छत्रीच्या केबलमधल्या पट्ट्यातच येतात. टॉवरजवळच्या घरात जाळी विरळ असेल, तर काही ठरावीक चॅनेलच सतत तुटतात आणि बाकीचे ठणठणीत चालतात. लोक छत्री हलवत बसतात. बदलायची असते केबल.

मंगळवेढ्याच्या जुन्या घरांनी या कामाला एक वेगळी अडचण घातली आहे. माळवदाच्या छपरात भोक पाडलं की पावसाळ्यात गळती ठरलेली. म्हणून छत्रीचा पाया सिमेंटच्या ठोकळ्यात बसवतात किंवा दगडांनी दाबतात आणि केबल कडेनं, नाहीतर सवण्यातून, म्हणजे छपरातल्या झरोक्यातून, खाली सोडतात. घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यावा लागतो, म्हणजे पाणी तिथेच ठिबकतं. केबल जमिनीत पुरायची तर इथली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, त्या ओढाताणीत जोड निसटतात. पाइपातून नेलेली बरी. उघड्या केबलचं आवरण ऊन खातं. एकदा ते तडकलं की पाणी जाळीच्या तारांमधून आतल्या आत दूरवर ओढलं जातं आणि तांबं हिरवं-काळं पडतं.

पूर्वी हे दिसायचं. पडद्यावर मुंग्या वाढल्या की केबल खराब होत चालली, हे पोरालाही कळायचं. ग्रामीण भागात केबलचं डिजिटायझेशन मार्च २०१७ च्या मुदतीनं झालं, डीटीएचची छत्री तर पहिल्यापासून डिजिटलच. डिजिटल चित्र शेवटपर्यंत स्वच्छ दिसतं आणि मर्यादा ओलांडली की एकदम चौकोन होऊन गोठतं. निम्मा सडलेला जोड उन्हाळाभर लपून राहतो. ढग येतात, आकाशातून मिळणारा सिग्नल थोडा घटतो आणि टीव्ही बंद पडतो. लोक पावसाला नावं ठेवतात. म्हणूनच कारागिराच्या हाती सिग्नल मीटर हवं. पडद्याकडे बघून केलेली पारख आता पुरत नाही.

ऑप्टिकल फायबरनं या केबलची लांब पल्ल्याची कामं काढून घेतली आहेत. देशातली पहिली स्थानिक फायबर लाइन १९७९ मध्ये पुण्यातच टाकली गेली होती. नवे कॅमेरे नेटवर्क केबलवर चालतात. तरी छत्री ते घर आणि वायरलेस सेट ते मनोरा या जागा अजून कोएक्सियलच्याच आहेत. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस छत्र्यांची जीएमआरटी दुर्बीण आहे. तिथेसुद्धा छत्रीच्या नाभीपासून पायथ्यापर्यंत सिग्नल उतरतो तो कोएक्सियल केबलनंच, फायबर पुढे लागतं.

तेव्हा मृगाचा पाऊस लागायच्या आत एकदा छपरावर जा. बॉक्सची वीज बंद करून एलएनबीजवळचा नट उघडा आणि मधली तार बघा. ती काळी पडली असेल किंवा फोम पिवळा झाला असेल, तर नुसतं पुसून पुन्हा लावू नका. दोन इंच केबल कापून टाका, नवा कॉम्प्रेशन कनेक्टर बसवून घ्या, आणि तो बसवणाऱ्याला त्याच्या हुन्नराचे पैसे घासाघीस न करता द्या.