आत येणारी वाट बंद आहे हे ओळखावे कसे?

मुलुंडच्या एखाद्या ग्रंथप्रेमी गृहस्थाने स्वामित्वहक्काची मुदत संपलेल्या जुन्या मराठी मासिकांच्या प्रतिमा बिटटोरेंटच्या साहाय्याने सर्वांस खुल्या केल्या, आणि बोरिवलीच्या एखाद्या अभ्यासकाने त्या उतरवून घ्यावयाचे ठरविले, असे समजू. दोघांच्या मध्ये राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर तेवढे आहेत. दोघांचेही संगणक रात्रभर चालू असतात. तरी सकाळी पाहावे तो एक पानही इकडून तिकडे गेलेले नसते. मुलुंडकरास वाटते, आपल्या संग्रहाची कोणास गरज नाही. बोरिवलीकरास वाटते, तो संग्रह नाहीसा झाला. दोघांचेही अनुमान चुकीचे असू शकते. अशा प्रसंगी दोष कोठे आहे हे कसे ओळखावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

उपनगरातील कोणत्याही गृहनिर्माण संस्थेच्या फाटकाचा दृष्टान्त येथे उपयोगी पडेल. बाहेर जाणाऱ्या रहिवाशास पहारेकरी अडवीत नाही. त्याने आधी कळविले असल्यास सामान घेऊन येणाऱ्यासही आत सोडतो. न कळविता आलेला अनोळखी माणूस मात्र बाहेरच राहतो. घरातील राउटर नेमके हेच करतो. बाहेर गेलेल्या संदेशांची नोंद ठेवून तिच्याशी जुळणारी उत्तरे तेवढी तो आत घेतो. संकेतस्थळे वाचणाऱ्यास याची जाणीवही होत नाही, कारण त्याचा प्रत्येक व्यवहार आतून सुरू होतो. फाइल-वाटपात मात्र प्रत्येक जण एकाच वेळी ग्राहकही असतो आणि दुकानदारही. दोहोंपैकी एक फाटक उघडे असले तरी काम भागते. दोन्ही बंद असली म्हणजे व्यवहार खुंटतो.

पुष्कळ ठिकाणी या फाटकाबाहेर आणखी एक फाटक असते. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत सुमारे ४२९ कोटी पत्ते आहेत, आणि आशिया-पॅसिफिक विभागाचा साठा एप्रिल २०११ मध्येच शेवटच्या गठ्ठ्यावर आला. त्यामुळे अनेक घरे एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसविण्याचा मार्ग इंटरनेट-कंपन्यांनी पत्करला. या कामासाठी १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हे पत्ते २०१२ मध्ये राखून ठेवण्यात आले. गच्चीवरून गच्चीवर तारा नेणाऱ्या काही केबलवाल्यांनी ही युक्ती त्याहीपूर्वी अंगीकारली होती. हे दुसरे फाटक ग्राहकाच्या हाती नसते.

म्हणून पहिली परीक्षा तुलनेची. राउटरच्या माहितीपानावर बाहेरील बाजूचा जो पत्ता दिसतो, तो आणि बाहेरच्या एखाद्या सेवेस आपला जो पत्ता दिसतो, तो ताडून पाहावा. दोन्ही एकच असतील तर फाटक एकच, आणि त्याची किल्ली आपल्याकडे. भिन्न असतील तर दुसरे फाटक आहे असे बहुधा समजावे. सॉफ्टवेअरने ‘यूपीएनपी यशस्वी’ असे कळविले तरी या बाबतीत समाधान मानू नये. त्याचा अर्थ घरच्या राउटरने आपल्यापुरती संमती दिली, एवढाच.

तथापि निर्णायक परीक्षा बाहेरूनच घ्यावी लागते. २००२ मध्ये निघालेल्या ईम्यूल या सॉफ्टवेअरची रीत या दृष्टीने बोधप्रद आहे. संगणक सर्व्हरशी जोडला गेला की सर्व्हर त्याच्या पोर्टवर उलट जोडणी करून पाही. ती लागली तर ‘उच्च’ क्रमांक मिळे. न लागल्यास १,६७,७७,२१६ हून लहान असा ‘नीच’ क्रमांक. दोन नीच क्रमांकवाल्यांस परस्परांकडून काही घेता येत नसे. नाव कठोर खरे, परंतु निदान वापरणाऱ्यास आपली स्थिती तरी कळे! ट्रान्समिशनसारख्या बिटटोरेंट-सॉफ्टवेअरमधील पोर्ट-तपासणीचे तत्त्वही हेच आहे.

या परीक्षेचे उत्तर तीन प्रकारचे येते. जोडणी लागली, तर वाट मोकळी आहे. तत्काळ नकार आला, तर संदेश कोणा तरी यंत्रापर्यंत पोहोचला, परंतु त्या पोर्टवर ऐकणारे कोणी नव्हते. कित्येकदा परीक्षेच्या वेळी सॉफ्टवेअरच बंद असते. काहीच उत्तर आले नाही, तर वाटेत कोणी तरी संदेश मुकाट्याने टाकून दिला, आणि तेथेच फाटकाचा संशय बळावतो.

परीक्षकाने दोन गोष्टी सांभाळावयास हव्यात. घरातल्याच दुसऱ्या संगणकावरून आपल्या सार्वजनिक पत्त्यावर जोडणी करून पाहणे व्यर्थ होय, कारण तो संदेश बाहेरून आलेलाच नसतो. दुसरी गोष्ट यूडीपीची. ज्या पत्त्याकडे आपण नुकताच संदेश धाडला, तेथून आलेले उत्तर राउटर आत घेणारच. यास्तव परीक्षा तिऱ्हाईत पत्त्यावरून व्हावी. स्टन या नियमावलीच्या २००३ च्या पहिल्या आवृत्तीत अशी तरतूद होती. टीसीपीची परीक्षा अर्थातच निराळी घ्यावी. एखाद्या अनोळखी यंत्राने आपण होऊन जोडणी केली, तर तो वाट मोकळी असल्याचा सबळ पुरावा होय. कोणीच आले नाही, यावरून मात्र काहीच सिद्ध होत नाही. कदाचित मागणीच नसेल.

आयपीची सहावी आवृत्ती मिळाली म्हणजे पत्त्यांची टंचाई सरते, पण फाटक सरतेच असे नाही. अनेक राउटर त्या आवृत्तीतही न बोलाविलेल्या जोडण्या अडवितात, म्हणून तेथेही परीक्षा वेगळी करावी. चौथ्या आवृत्तीत दुसरे फाटक आढळल्यास कंपनीकडून शुल्क देऊन स्वतंत्र स्थिर पत्ता मागता येतो. नंतर राउटरमध्ये पोर्ट उघडावे लागते, ते निराळेच. हे न साधल्यास तिसऱ्याचे साहाय्य घ्यावे. घाटकोपरचा एखादा संगणक उघड्या वाटेचा असेल आणि त्याने तो संग्रह घ्यावयाचे मनावर घेतले, तर मुलुंडकर व बोरिवलीकर दोघेही आतून बाहेर त्याच्याशी जोडले जातात. मासिके मुलुंडहून घाटकोपरला येतात, आणि तेथून बोरिवलीस जातात.