बँका एक झाल्या, भाषा कोणाची?



दोन देशांतल्या कंपन्या एक होतात तेव्हा पैसा, इमारती, माणसं यांचा हिशेब आधीच मांडलेला असतो. आता बोलायचं कोणत्या भाषेत, हा प्रश्न मात्र किरकोळ वाटतो. तो किती महागात पडतो, ते आज आम्ही सांगणार आहोत.

1997 साली फिनलंडची मेरिटा आणि शेजारच्या स्वीडनची नॉर्डबँकेन या बँका एकत्र आल्या. दोघी बरोबरीच्या, असं ठरलं होतं. पण वरिष्ठांच्या कामाची भाषा ठरली स्वीडिश. कारण वरवर सरळ होतं. फिनलंडमध्ये स्वीडिश ही दुसरी राजभाषा आहे, शाळेत शिकवतात.

पण शाळेत शिकलेली भाषा वेगळी आणि बैठकीत मुद्दा लढवायची भाषा वेगळी. आपण दहावीपर्यंत इंग्रजी शिकलो, म्हणून व्याजदरावर इंग्रजीत वाद घालू का? त्यात फिनिश आणि स्वीडिश यांचं कूळच निराळं, मराठी आणि कानडीसारखं. वर्षानुवर्षं बँक चालवलेली हुशार माणसं बैठकीत गप्प बसू लागली. शब्द जुळेपर्यंत चर्चा पुढे गेलेली असायची. मग समोरच्याला वाटायचं, यांना कामातलं काही कळत नाही! ज्या फिनलंडवासीयांची घरचीच भाषा स्वीडिश होती, त्यांचं वजन मात्र वाढलं. शिवाय 1809 पर्यंत फिनलंड स्वीडनच्या राज्यात होता. ती जुनी सलही वर आली.

2000 मध्ये डेन्मार्कची युनिडॅनमार्क त्यांना येऊन मिळाली आणि कामाची भाषा इंग्रजी झाली. हीच पुढे नॉर्डिया बँक म्हणून ओळखली जाऊ लागली. इंग्रजी या तिन्ही देशांची मातृभाषा नाही, त्यामुळे अडखळणं सगळ्यांच्याच वाट्याला आलं. आम्हाला हे जास्त न्यायाचं वाटतं. अगदी पूर्ण न्याय नाही, कारण ज्याचं इंग्रजी चांगलं तो इथेही पुढेच राहणार.

आपले गट मिळून ग्रामसंघ होतो, तेव्हा हेच घडू शकतं. मेळघाटात काही बायका घरी कोरकू बोलतात, काही मराठी. ठराव मराठीत वाचला, ‘सगळ्यांना मान्य?’ विचारलं आणि माना हलल्या, की प्रोसिडिंगमध्ये ‘सर्वानुमते मंजूर’ लिहून मोकळं होता येतं. त्याआधी एखादीने तो ठराव कोरकूत सांगावा, बायकांना आपसात बोलू द्यावं, मग हात वर करायला सांगावं. बैठक अर्धा तास लांबेल. कर्जाच्या हप्त्याचा विषय असेल तर तेवढा वेळ द्याच.