घटलेले वजन पुन्हा का वाढते?

दारव्ह्यातील एखाद्या हॉटेलात चहाच्या कपात दोन लहान चमचे, म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखर पडते असे धरू. दूध सोडले, तरी नुसत्या साखरेतून ४० किलोकॅलरी मिळतात. रोज असा एक कप जास्त झाला, तर वर्षाची शिल्लक १४,६०० किलोकॅलरी! एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० किलोकॅलरी. आता हिशेब तुम्हीच करा.

अतिस्थूल रुग्णाच्या जठराचा सुमारे तीनचतुर्थांश भाग शस्त्रक्रियेने काढतात, तेव्हा भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरकही घटते. जपानी संशोधकांनी ते १९९९ साली शोधले. वजन झपाट्याने उतरते. पण एकदोन वर्षांनी अनेकांचे हळूहळू वाढू लागते. असे का? उरलेले जठर थोडे सैलावते. हलक्या झालेल्या शरीराला ऊर्जा कमी पुरते. शिवाय लहान जठर भाकरीला अडवते, गोड चहा मात्र सहज पुढे सरकतो.

म्हणून जेवणात आधी वरण, उसळ किंवा अंडी, नियमित व्यायाम आणि वजनाची नोंद हवी. वाढ दिसताच डॉक्टरांना भेटावे. अशा माणसाला ‘खादाड’ म्हणून हिणवू नका. लाजेने तो दवाखाना टाळतो आणि वेळेवर मिळणारी मदत हुकते.