सारथ्याची झोप

कोल्हापूर शहरास पूर्वेकडे लागून असलेले उचगाव हे पुणे-बंगळूर हमरस्त्यावरचे गाव. पूर्वी ४ क्रमांकाने ओळखला जाणारा व आता ४८ क्रमांक धारण करणारा हा महामार्ग येथून उत्तरेस पंचगंगा ओलांडून कराड, साताऱ्याकडे आणि दक्षिणेस कागल, निपाणीकडे जातो. पुणे येथून सुमारे २३० किलोमीटर. मुलगा पुण्यास नोकरीला आणि वडीलधारी मंडळी इकडे, अशी घरे या भागात पुष्कळ; आणि सण, मुंज, लग्न निघाले की त्या घरांत एकच बेत ठरतो. रात्री जेवूनखाऊन निघावे व पहाटे पोहोचावे. मुले झोपेतच येतात, ऊन लागत नाही, दिवसही मोडत नाही.

या हिशेबात सर्वांच्या सोयीचा विचार झालेला असतो, फक्त मोटार हाकणाऱ्याचा नसतो. तो सकाळी सहाला उठलेला, दिवसभर कचेरीत राबलेला. रात्री अकराला तो चाकावर बसतो तेव्हा त्याच्या जागरणाचे सतरा तास भरलेले असतात. डॉसन आणि रीड या संशोधकांनी ऑस्ट्रेलियात केलेल्या प्रयोगांची हकीकत १९९७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. सतत सतरा तास जागलेल्या माणसाची हातचलाखी व अवधान, रक्तात दर १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या माणसाइतके मंदावते, असे त्यांस आढळले. आपल्या कायद्याने मोटार हाकणाऱ्यास ३० मिलिग्रॅमचीच मर्यादा घातली आहे. म्हणजे ज्या घरात मद्याचे नावही निघत नाही, त्या घरचा सुशील मुलगा आईवडिलांस व लेकरांस घेऊन, मद्यप्याहून बऱ्या नव्हे अशा अवस्थेत निघतो, आणि घरची माणसे त्यास कौतुकाने दही-साखर देतात!

पुढचे गणित रस्त्याचे आहे. अकराला पुणे सोडल्यास खंबाटकीचा घाट माणूस जागाच चढतो. वळणे त्यास झोपू देत नाहीत. दोनच्या सुमारास कराड मागे पडते आणि सपाट, सरळ रस्ता सुरू होतो. दोन ते पाच हाच काळ शरीराच्या घड्याळात सर्वांत जड ग्लानीचा होय. (दुपारी दोन ते चारही तसाच, पुरणपोळीच्या पंगतीनंतर निघणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.) या वेळी येणारी डुलकी तीनचार सेकंदांची असते, कित्येकदा डोळे उघडे असताही येते आणि ज्यास आली त्यास कळत नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार चार सेकंदांत सुमारे ९० मीटर जाते. आगगाडीचे चार डबे मावतील इतका रस्ता कोणीही न पाहता मागे पडतो. त्यातून पंचगंगेचा पूल जवळ आला की ‘आता घर आलेच’ म्हणून थांबण्याची बुद्धी होत नाही, हे आणखी एक.

उपाय म्हणून खिडकी उघडणे, गाणी लावणे, तोंडावर पाणी मारणे हे प्रकार चालतात. त्यांचा गुण फार थोडा वेळ टिकतो. हॉर्न व रेनर या इंग्रज संशोधकांनी मोटारीच्या नकली चाकापुढे माणसे बसवून हे तपासले आहे. खरा गुण दोहोंचाच: कडक कॉफी आणि पंधरा-वीस मिनिटांची झोप. कॉफीचा अंमल चढण्यास वीस-तीस मिनिटे लागतात, म्हणून ती आधी घ्यावी, सुरक्षित जागी मोटार उभी करून लगेच डोळे मिटावे, आणि जाग आल्यावर दहा मिनिटे पायी फिरून मगच चाक हाती घ्यावे. सर्दीची गोळी घेतली असेल तर त्या दिवशी हाकूच नये. अर्थात ही सारी तात्पुरती मलमपट्टी. रात्रीची झोप घेऊन पहाटे निघण्याची सर यास नाही.

घाईचे कारण पुढे करणाऱ्यांस आम्ही द्रोणपर्वाचे स्मरण देतो. सूर्यास्तापूर्वी जयद्रथाचा वध झाला नाही तर अग्निप्रवेश करावयाचा, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा. त्या दिवशीही भर रणात श्रीकृष्णाने घोडे सोडले, त्यांस पाणी पाजले, विसावा दिला. आपल्या हळदीच्या मुहूर्तास याहून अधिक घाई असेल असे वाटत नाही.

भाड्याच्या चालकाविषयी तर बोलावे तितके थोडे. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली झालेल्या कायद्याने सलग पाच तास कामानंतर निदान अर्धा तास विसावा ठरविला होता. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांस लागू होता. आपण दोन दिवसांपुरता आणलेला चालक अशा कायद्याच्या कक्षेत यावाच असे नाही; त्याचा कायदा म्हणजे आपल्या घरची रीत. ती रीत काय आहे? लग्नघरी तो शेवटच्या पंगतीस बसतो, दुपारभर तापलेल्या मोटारीत पाय आखडून पडतो, आणि वरात आटोपल्यावर मध्यरात्री त्यास हाक जाते. सुशिक्षित घरांत हे चालावे याचे आम्हांस नवल वाटते.

झोप आलेल्या माणसास आपली झोप मापता येत नाही. ‘मला काही होत नाही’ हेच तो म्हणणार. तेव्हा थांबण्याचा हुकूम शेजारी बसणाऱ्याकडे असावा, आणि त्याने स्वतः जागे राहावे. चालक वारंवार जांभई देऊ लागला, गावाची पाटी चुकला, मागची चार मैल वाट त्यास आठवेना, की वाद न घालता मोटार थांबवावी. घरातील भगिनींकडे आमचे मागणे निराळे आहे. कार्यालयाच्या खोल्यांची वाटणी त्याच करतात. त्या यादीत चालकासाठी एक पंख्याची खोली व अंथरूण मांडावे, पान त्यास पहिल्या पंगतीत वाढावे, आणि परतीची वेळ त्यास विचारून ठरवावी.