विश्लेषण : 'मोठा झाला की बोलेल नीट' म्हणत किती थांबायचं? शाळकरी मुलांसाठी स्पीच थेरपी नेमकं काय करते?

उच्चार स्पष्ट असणं आणि चारचौघांत गप्पा मारता येणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. दोन्ही शिकवता येतात. पण कधी थांबायचं, कुणाला दाखवायचं आणि घरी काय करायचं, याबाबत पालकांचा मोठा गोंधळ होतो.

दुसरीचा वर्ग. बाई विचारतात, 'उन्हाळ्यात काय प्यायला आवडतं?' एक मुलगा उभा राहून सांगतो, 'उसाचा लस.' वर्गात हशा पिकतो. पुढच्या वेळी त्याला उत्तर येत असतं, पण हात वर जात नाही.

त्याच वर्गात एक मुलगी आहे. तिचे उच्चार अगदी खणखणीत. मात्र मधल्या सुट्टीत ती रोज फक्त लोकल गाड्यांबद्दल बोलते. समोरची कंटाळली आहे, तिलाही काही सांगायचं आहे, हे तिच्या लक्षातच येत नाही. काही आठवड्यांनी डबा खाताना तिच्या शेजारची जागा रिकामी राहू लागते.

ही उदाहरणं समजण्यासाठी घेतली आहेत, पण अशी मुलं बहुतेक शिक्षकांनी पाहिलेली असतात. पहिल्याला 'बोबडा' म्हटलं जातं, दुसरीला 'विचित्र'. दोघांनाही मदत करणारा तज्ज्ञ मात्र एकच असतो, तो म्हणजे स्पीच थेरपिस्ट.

उच्चार आणि संवाद यांत फरक काय?

बोलण्यात ढोबळमानाने तीन गोष्टी येतात. पहिली उच्चार, म्हणजे ओठ, जीभ, टाळू वापरून योग्य ध्वनी काढणं. दुसरी भाषा, म्हणजे शब्दसंग्रह आणि वाक्यरचना. तिसरी भाषेचा वापर, म्हणजे कुणाशी, कधी, किती आणि कसं बोलायचं. आजोबांशी 'अहो', मित्राशी 'अरे'. समोरचा बोलत असताना थांबायचं. त्याला कळलं नाही तर वेगळ्या शब्दांत सांगायचं, हे सगळं या तिसऱ्या भागात येतं.

मोबाइलचं उदाहरण घेऊ. स्पीकर खरखरत असेल तर एक दुरुस्ती लागते. आवाज स्वच्छ आहे, पण ॲप नको त्या वेळी नोटिफिकेशन पाठवतंय, तर दुसरी. एका दुरुस्तीने दुसरा बिघाड जात नाही. म्हणूनच 'स्पष्ट तर बोलते, मग थेरपी कशाला?' हा प्रश्न चुकीचा ठरतो.

संवादातल्या अडचणी ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये दिसतात, पण फक्त त्यांच्यातच नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये आपल्या निदान पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत 'सोशल कम्युनिकेशन डिसऑर्डर' असं स्वतंत्र निदान समाविष्ट केलं. याशिवाय काही मुलांना कोणतंही दुसरं कारण नसताना भाषाच अवघड जाते. इंग्लंडमध्ये ४ ते ५ वर्षांच्या मुलांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा मुलांचं प्रमाण साडेसात टक्क्यांच्या आसपास आढळलं. म्हणजे तीस मुलांच्या वर्गात साधारण दोन.

किती वयापर्यंत वाट पाहायची?

थेरपिस्ट एक सोपा ठोकताळा वापरतात. घरच्यांना नव्हे, तर अनोळखी माणसाला मुलाचं बोलणं किती कळतं? दोन वर्षांच्या मुलाचं सुमारे निम्मं, तीन वर्षांच्या मुलाचं पाऊण आणि चार वर्षांच्या मुलाचं बहुतेक सगळं बोलणं कळायला हवं. प्रत्येक मूल वेगळं असतं, त्यामुळे हे आकडे काटेकोर नाहीत; पण दिशा कळते.

सगळे ध्वनी एकदम येत नाहीत. प, ब, म लवकर येतात. र, ळ, स-श मधला फरक आणि जोडाक्षरं उशिरा. त्यामुळे चार वर्षांची मुलगी 'राम'ला 'लाम' म्हणत असेल तर घाबरण्याचं कारण नाही. मात्र पाच वर्षांचं मूल 'काका'ला 'ताता' म्हणत असेल, किंवा पहिली-दुसरीतल्या मुलाचं बोलणं शिक्षकांना आणि मित्रांना कळत नसेल, तर दाखवून घ्यावं. मूल बोलणं टाळायला लागलं असेल तर वय न बघता दाखवावं.

अडखळण्याचं थोडं वेगळं आहे. अडीच ते पाच वर्षांच्या दरम्यान अनेक मुलं अडखळतात आणि बहुतेकांचं ते आपोआप थांबतं. पण ते अनेक महिने टिकलं, बोलताना चेहरा ताणला जात असेल किंवा घरात आणखी कुणी अडखळत असेल, तर थांबू नये.

प्रत्येक वेगळा उच्चार म्हणजे दोष नाही

महाराष्ट्रात हे ठळकपणे सांगायला हवं. वऱ्हाडात 'डोळा'चा 'डोया' होतो. अनेक घरांत 'पाणी' नव्हे, 'पानी' म्हणतात. हा उच्चारदोष नाही, ती बोली आहे. म्हणून चांगला थेरपिस्ट आधी विचारतो, 'घरातली मोठी माणसं हा शब्द कसा म्हणतात?' मूल घरच्यांसारखं बोलत असेल तर उपचाराची गरज नाही. वर्गात 'अशुद्ध' म्हणून हिणवलं, तर मात्र चांगलं बोलणारं मूलही गप्प होतं.

दुसरा गैरसमज दोन भाषांचा. घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी असल्याने वाचादोष होतो, असं संशोधनात दिसत नाही. खरी अडचण असेल तर ती सहसा दोन्ही भाषांत दिसते. 'घरी मराठी बंद करा' हा सल्ला बऱ्याच पालकांना मिळतो. तो पाळला तर आजी-आजोबांशी होणाऱ्या गप्पा तुटतात, म्हणजे मुलाचा रोजचा सरावच कमी होतो.

थेरपीत नेमकं काय होतं?

सुरुवात तोंडापासून नाही, कानापासून होते. आधी श्रवणचाचणी. वारंवार सर्दी होऊन कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं, तर मुलाला आवाज दबके येतात. जे नीट ऐकू येत नाही ते नीट बोलता येत नाही. मग टाळू, दात, जीभ तपासली जाते. चित्रं दाखवून शब्द म्हणवून घेतले जातात आणि कोणता ध्वनी कुठे बदलतोय, याचा नमुना शोधला जातो.

पुढची पायरी फरक ओळखण्याची. इथे जोडशब्दांचा खेळ कामाला येतो : रस-लस, कार-तार, वेळ-वेल. समजा समोर दोन चित्रं आहेत, एक रसाच्या ग्लासाचं आणि एक इंजेक्शनचं. मुलाने मागायचं आणि थेरपिस्टने जे ऐकू आलं तेच चित्र द्यायचं. मूल 'लस' म्हणालं तर हातात इंजेक्शन येतं! आपल्या उच्चारामुळे अर्थच बदलला, हे त्याला न रागावता कळतं. इंजिनीअरिंगमध्ये याला फीडबॅक लूप म्हणतात. निकाल लगेच दिसला की सुधारणा लवकर होते.

त्यानंतर ध्वनी बसवायचा. जिभेचं टोक कुठे ठेवायचं ते आरशात दाखवतात. 'क'साठी जिभेचा मागचा भाग उचलावा लागतो, म्हणून काही मुलांना गुळण्या करायला लावून ती जागा जाणवून देतात. मग चढण सुरू होते : सुटा ध्वनी, अक्षर, शब्द, वाक्य, गोष्ट आणि शेवटी सहज गप्पा.

सगळ्यात अवघड टप्पा शेवटचा. मूल थेरपिस्टसमोर 'रस' अगदी छान म्हणतं आणि जिना उतरताच 'लस'वर येतं. सवय मोडायला आठवड्यातली अर्ध्या-पाऊण तासाची भेट पुरत नाही. घरी रोज पाच-दहा मिनिटांचा सराव हाच उपचाराचा मोठा भाग असतो.

काही प्रचलित उपायांबद्दलही बोलायला हवं. मेणबत्ती फुंकणं, शिट्टी वाजवणं, जीभ नुसती आत-बाहेर करणं यांनी उच्चार सुधारतात, याला भक्कम पुरावा नाही. ध्वनी सुधारायचा तर ध्वनीचाच सराव लागतो. वेखंड चाटवल्याने वाचा स्पष्ट होते, यालाही आधार नाही. डॉक्टरांना न विचारता मुलाला ते देऊ नये. जिभेखालचा पडदा आखूड आहे म्हणून लगेच कापायचा, असंही नसतं. बहुतेक उच्चारदोषांचं कारण ते नसतं.

गप्पा मारायला कसं शिकवतात?

'नीट वाग', 'सगळ्यांशी बोल' असं सांगून काही होत नाही, कारण नेमकं काय करायचं हे मुलाला कळत नाही. थेरपिस्ट गप्पांचे छोटे तुकडे पाडतात. खेळात सामील व्हायचं तर आधी काय बघायचं? काय म्हणायचं? समोरच्याची पाळी कधी? तो कंटाळला हे कशावरून ओळखायचं?

त्यासाठी छोट्या नाटुकल्या, बोर्डगेम, व्हिडिओ मध्येच थांबवून 'आता याला काय वाटत असेल?' असे प्रश्न, किंवा घडलेला प्रसंग चित्रकथेसारखा काढून कोण काय बोललं आणि मनात काय होतं ते लिहिणं, असे मार्ग वापरतात. 'पोटात कावळे ओरडतायत' ऐकून खरोखर कावळे शोधणाऱ्या मुलाला वाक्प्रचार उलगडून दाखवावे लागतात. सराव तीन-चार मुलांच्या गटात झाला तर उत्तम, कारण थेरपिस्ट मुलाचं बोलणं सांभाळून घेतो. वर्गमित्र तसं करत नाहीत.

लोकलवाल्या मुलीला गाड्यांबद्दल बोलायला बंदी करायची नसते. 'दोन वाक्यं सांग, मग तिला एक प्रश्न विचार' एवढा नियम आधी पुरतो. डोळ्यांत डोळे घालून बोलण्याची सक्तीही अनेक तज्ज्ञ आता टाळतात. काही मुलांना त्याने त्रास होतो आणि ऐकण्यावरचं लक्ष उडतं. मैत्री जमावी हे ध्येय आहे, मुलाने दुसऱ्यासारखं दिसावं हे नाही. त्यामुळे वर्गातल्या इतर मुलांनाही थोडं शिकवावं लागतं.

याने फरक पडतो का? ब्रिटनमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ६ ते ११ वर्षांच्या ८८ मुलांचा समावेश होता. काहींना २० सत्रांपर्यंत खास संवाद-थेरपी मिळाली. भाषेच्या प्रमाणित परीक्षेत ठळक फरक दिसला नाही. मात्र प्रत्यक्ष गप्पांचा दर्जा आणि पालकांनी नोंदवलेलं संवादकौशल्य सुधारलं. थोडक्यात, चमत्कार नाही, पण मधल्या सुट्टीत जिथे गरज आहे तिथे उपयोग होतो.

घरी आणि वर्गात काय करता येईल?

• मूल 'लस' म्हणालं तर 'चुकलं, परत म्हण' नको. 'हो, उसाचा रस! थंडगार रस!' असं योग्य रूप सहज ऐकवा.
• बोबडं बोलणं गोड वाटलं तरी त्याची नक्कल करू नका. पाहुण्यांसमोर 'र म्हणून दाखव' ही परीक्षा तर नकोच.
• 'आज शाळेत काय झालं?' याला उत्तर बहुधा 'काही नाही' असं येतं. आधी आपल्या दिवसातली एक गंमत सांगा आणि थांबा. शांततेत मुलं बोलू लागतात.
• अडखळणाऱ्या मुलाचं वाक्य आपण पूर्ण करू नका. 'सावकाश बोल' म्हणण्यापेक्षा स्वतः सावकाश बोला.
• शिक्षकांसाठी : आकारिक मूल्यमापनात तोंडी काम असतं. तिथे उत्तराचा आशय आणि उच्चार वेगळे पाहा. सगळ्या वर्गासमोर जमत नसेल तर एकट्याने किंवा जोडीने उत्तर देऊ द्या. हसणाऱ्यांना त्याच वेळी थांबवा.

कुठे दाखवायचं?

सरकारी मार्ग आहे, पण अनेक पालकांना तो माहीत नसतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधूनच झाली. त्याअंतर्गत आरोग्य पथकं सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा आणि अंगणवाड्यांत दोनदा मुलांची तपासणी करतात. विकासातील विलंब हा या तपासणीचा भाग आहे. गरज असलेल्या मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे किंवा रुग्णालयाकडे पाठवलं जातं. पथक शाळेत येईल तेव्हा मुलाच्या बोलण्याबद्दल आवर्जून सांगा. समग्र शिक्षा योजनेतल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांबद्दलही मुख्याध्यापकांकडे चौकशी करता येते.

मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आणि नायर रुग्णालय इथे या विषयाचं शिक्षण आणि उपचार दोन्ही होतात. खासगी थेरपिस्टकडे जाताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, ते विचारा. वाचा व श्रवण या विषयातली पदवी हवी, चार दिवसांच्या कोर्सचं प्रमाणपत्र नव्हे. पहिल्याच भेटीत तीन प्रश्न विचारा : ध्येय काय? ते गाठलं हे कसं कळेल? घरी रोज काय करायचं? ठरावीक दिवसांत बरं करण्याची हमी देणाऱ्यापासून लांब राहिलेलं बरं.

आणि थांबायचं की दाखवायचं, हा प्रश्न उरलाच तर हिशेब सोपा आहे. तपासणीत काही निघालं नाही, तर तुमची एक दुपार गेली. थांबलात आणि अडचण खरी निघाली, तर मधल्या काळात मूल चुकीचा 'र' तर पक्का करतंच. शिवाय 'आपण न बोललेलंच बरं' हेही शिकतं. यातला 'र' सुधारणं सोपं असतं.